विधी पदवी (एलएल.बी.)

भारतात वकिलीसाठी आवश्यक असलेली पदवी. तिची मानके अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार भारतीय विधिज्ञ परिषद ठरवते. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ मध्ये सुरू झाले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये तेथे प्राचार्य झाले.

संविधान, करार, फौजदारी व मालमत्ताविषयक कायदे, पुरावा, दिवाणी प्रक्रिया हे मुख्य विषय. कलमे पाठ करून परीक्षा पार पडते, पण वकील घडतो तो निकालपत्रे मुळातून वाचून, दाव्याचे मसुदे लिहून आणि अभिरूप न्यायालयात उभे राहून. दुर्दैवाने अनेक महाविद्यालयांत याच भागाची आबाळ होते.

पदवीनंतर महाराष्ट्र व गोव्यातील उमेदवार दोन्ही राज्यांच्या सामाईक वकील परिषदेकडून सनद घेतात. भारतीय विधिज्ञ परिषदेची अखिल भारतीय परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. ज्येष्ठ वकिलाकडील उमेदवारीची पहिली वर्षे तुटपुंज्या मिळकतीची असतात. सरकारी अभियोक्ता, कंपन्यांचे विधी सल्लागार, करसल्ला, विधी साहाय्य, अध्यापन हे इतर मार्ग. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये पुन्हा लागू केली.