हिमनदीच्या कड्यापाशी : स्वालबार्डच्या किनारा-सहलींचा इतिहास

१८८४ ते १८८८ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन आपल्याला आठवतात ते बहुधा काँग्रेसच्या स्थापनेच्या संदर्भात. त्याआधी जवळपास तीन दशके, १८५६ च्या उन्हाळ्यात, तीस वर्षांचा हा उमराव ‘फोम’ नावाची शिडाची नौका घेऊन आइसलँडमार्गे उत्तरेकडे निघाला होता. ऑगस्टमध्ये तो स्पिट्सबर्गन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, इंग्लिश बे नावाच्या उपसागरात उतरला. त्याला व्यापार करायचा नव्हता आणि देवमासेही मारायचे नव्हते. हिमनद्या पाहाव्यात, किनाऱ्यावर पाय मोकळे करावेत आणि परतावे, एवढाच हेतू. पुढच्याच वर्षी ‘लेटर्स फ्रॉम हाय लॅटिट्यूड्स’ हे त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले आणि भरपूर वाचले गेले. इंग्लिश बेच्या उत्तरेची डोंगररांग ओलांडली की कोंग्सफ्योर्ड लागतो. त्याच्या काठी, न्यू-ऑलेसुंड या वसाहतीत, आज भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र उभे आहे.

हा योगायोग गमतीचा आहे खरा. पण माझा मुद्दा वेगळा आहे. उन्हाळी क्रूझ जहाजावरून आज तेथे जाणारा प्रवासी रबरी बोटीतून किनाऱ्यावर उतरतो, दुर्बिणीतून वॉलरसांचा कळप न्याहाळतो, हिमनदीच्या निळ्या कड्यापुढे स्तब्ध होतो, आणि आपण मानवाने न स्पर्शिलेला निसर्ग पाहत आहोत असे समजतो. माहितीपत्रकेही त्याला तेच सांगतात. वास्तविक या द्वीपसमूहाइतका मानवाने ओरबाडलेला ध्रुवीय प्रदेश दुसरा क्वचितच असेल. प्रवाशाच्या डोळ्यांपुढचे प्राणी म्हणजे एका दीर्घ संहारातून वाचलेले आणि नंतर कायद्याने सांभाळलेले वंशज आहेत.

विलेम बारेंट्स या डच दर्यावर्द्याच्या तुकडीला १५९६ मध्ये स्पिट्सबर्गन दिसले. पुढच्या वीस वर्षांच्या आत इंग्रज आणि डच देवमासेमारांची जहाजे तेथे दाटीने येऊ लागली. वायव्य कोपऱ्यातील स्मीरेनबर्ग या डच तळाच्या नावाचा अर्थच मुळी ‘चरबीचे गाव’ असा आहे. बोहेड जातीचा देवमासा संथ पोहतो, मेल्यावर तरंगतो आणि त्याच्या अंगावर चरबीचा जाड थर असतो. मासेमारांना सोयीच्या ठरलेल्या या तीन गुणांनीच त्याचा घात केला. त्या चरबीच्या तेलावर युरोपातील दिवे जळले, साबण बनले. फ्योर्डांतले देवमासे संपले तेव्हा जहाजे खुल्या समुद्रात आणि बर्फाच्या कडेला गेली; तेथेही ते इतके घटले की या भागातील बोहेड जवळजवळ नामशेष झाले. वॉलरस सुळ्यांसाठी आणि कातड्यासाठी मारले गेले. डफरिन उतरला तेव्हा किनाऱ्यावर जुनी हाडे आणि थडगी होती. जिवंत वैभव बरेचसे आटून गेले होते.

त्याच्यानंतर आलेले हौशी प्रवासी कॅमेरे घेऊन आले नाहीत. बंदुका घेऊन आले. जेम्स लॅमाँटसारखे धनिक ब्रिटिश गृहस्थ १८५८-५९ पासून वॉलरस, अस्वले आणि रेनडिअर यांच्या शिकारीसाठी येथे हंगाम घालवू लागले. तिकीट काढून जाण्याची सोय झाली ती १८९० च्या दशकात. जर्मन कप्तान विल्हेल्म बाडे यांनी १८९१ पासून प्रवाशांना स्पिट्सबर्गनला नेण्यास सुरुवात केली. १८९६ मध्ये नॉर्वेच्या एका जहाज कंपनीने साप्ताहिक फेरी सुरू केली आणि ॲडव्हेंटफ्योर्डच्या मुखाशी एक छोटे लाकडी हॉटेलही बांधले. या मार्गावरील ‘लोफोटेन’ जहाजाचे कप्तान होते नान्सेनच्या ‘फ्राम’चे सुकाणू सांभाळलेले ओटो स्वेर्ड्रुप! हॉटेल लवकरच बंद पडले. लाँगइयरब्येनच्या विमानतळाजवळील त्या भूशिराला मात्र आजही ‘होटेलनेसेट’, म्हणजे हॉटेलचे टोक, असेच म्हणतात. त्याच सुमारास स्वीडनचा आंद्रे वायव्येकडील डेन्स बेटावर बलूनमधून ध्रुवाकडे झेपावण्याची तयारी करीत होता आणि पर्यटकांची जहाजे त्याचे तंबू पाहायला मुद्दाम वाट वाकडी करीत होती. ११ जुलै १८९७ रोजी तो उडाला. त्याचे आणि त्याच्या दोन सोबत्यांचे अवशेष सापडले ते १९३० मध्ये, क्वितोया बेटावर.

प्राण्यांच्या दृष्टीने खरे वळण आले ते एका राजनैतिक करारामुळे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये झालेल्या स्वालबार्ड कराराने या भूमीचे सार्वभौमत्व नॉर्वेला दिले आणि करारातील सर्व देशांच्या नागरिकांना तेथे शिकार, मासेमारी व खाणकामाचे समान हक्क दिले. ब्रिटनच्या राजाच्या वतीने हिंदुस्थानसाठीही त्यावर सही झाली होती, म्हणून भारत या कराराचा मूळ पक्षकार आहे. शिवाय वन्यजीव व वनस्पती यांच्या रक्षणाचे उपाय करण्याची मुभा कराराने नॉर्वेला दिली. ती नसती, तर समान हक्कांचा अर्थ संहाराचे समान हक्क असाच झाला असता. करार अंमलात आला त्या १९२५ मध्येच रेनडिअरच्या शिकारीवर बंदी आली. वॉलरसला संरक्षण मिळण्यास १९५२ उजाडले. ध्रुवीय अस्वलाची पाळी सर्वांत शेवटी, १९७३ मध्ये आली. तोवर शिकारीच्या सहली विकल्या जात होत्या आणि आमिषाला तोंड लावताच गोळी सुटणारे बंदूक-सापळे तर १९७० पर्यंत लावले जात होते.

या बंद्यांची फळे मोजता येतात. २००६ च्या हवाई गणनेत स्वालबार्डमधील वॉलरसांचा अंदाज सुमारे २,६०० होता. २०१२ मध्ये तो सुमारे ३,९०० झाला. रेनडिअर आज २२,००० च्या घरात आहेत. न्यू-ऑलेसुंडच्या घरांमध्ये निवांत चरणारे रेनडिअर पाहून प्रवासी हरखतात. पण त्या ब्रॉगर द्वीपकल्पावरून रेनडिअर पूर्वी पार नाहीसे झाले होते. १९७८ मध्ये डझनभर जनावरे दुसऱ्या खोऱ्यातून आणून तेथे सोडली गेली आणि त्यातून हा कळप वाढला. प्रवाशांच्या छायाचित्रात येणारा प्राणी असा चक्क एका प्रयोगाचा वंशज आहे.

न्यू-ऑलेसुंड स्वतःही असाच दुसरा जन्म घेतलेले गाव आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते कोळशाच्या खाणीसाठी वसले. येथूनच ११ मे १९२६ रोजी आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले यांचे ‘नोर्गे’ हे हवाईजहाज ध्रुवावरून अलास्काकडे गेले. ते ज्याला बांधले होते तो लोखंडी मनोरा अजून उभा आहे आणि तेथवर चालत जाणे हा किनारा-सहलीचा ठरलेला भाग असतो. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी खाणीतल्या स्फोटात २१ कामगार मृत्युमुखी पडले. त्या प्रकरणाने पुढच्या वर्षी नॉर्वेचे सरकार कोसळले. खाण कायमची बंद झाली आणि रिकाम्या घरांत हळूहळू वैज्ञानिक आले. भारताची पहिली आर्क्टिक मोहीम २००७ मध्ये येथे पोचली आणि १ जुलै २००८ रोजी ‘हिमाद्री’चे उद्घाटन झाले. गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ते चालवते. डिसेंबर २०२३ पासून ध्रुवीय रात्रीच्या काळोखातही भारतीय वैज्ञानिक तेथे राहू लागले आहेत.

या गावात उतरणाऱ्या प्रवाशाला पहिली सूचना मिळते ती मोबाइलचे वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करण्याची. अतिदूरच्या क्वेसारांचे रेडिओ-संकेत टिपून पृथ्वीचे परिवलन व भूखंडांचे सरकणे मोजणाऱ्या येथील दुर्बिणीला प्रवाशाच्या खिशातला फोन म्हणजे कानाशी वाजणारा ढोल आहे. दुसरी सूचना रस्ता न सोडण्याची. ती मोडली तर शिक्षा तत्काळ होते. जमिनीवर घरटे करणारा आर्क्टिक सुरय पक्षी सरळ डोक्यावर चोच मारतो! दरवर्षी अंटार्क्टिकाच्या समुद्रापर्यंत जाऊन परतणाऱ्या या पक्ष्याला पाहुण्यांची भीड नाही.

आता हिमनदीच्या कड्याकडे वळू, कारण प्राणी तेथेच का जमतात हे समजल्याशिवाय या सहलीतले विज्ञान कळत नाही. कोंग्सफ्योर्डच्या टोकाला क्रोनेब्रेन ही हिमनदी समुद्राला भिडते. स्वालबार्डमधील ही सर्वांत वेगवान हिमनद्यांपैकी एक. उन्हाळ्यात तिचे टोक काही वेळा दिवसाला दोन मीटरांहून अधिक सरकते. पृष्ठभागावरील वितळलेले पाणी भेगांतून तळाशी जाते आणि कड्याच्या बुडाशी, समुद्राच्या पोटात, बाहेर पडते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने ते उसळून वर येते आणि येताना खोल पाण्यातील सूक्ष्म प्राणी, छोटे कवचधारी जीव यांना ओढून आणते. क्षारता एकदम बदलल्याने यांतील बरेच जीव बधिर होतात किंवा मरतात आणि गढूळ तपकिरी पट्ट्यात पृष्ठभागाशी तरंगतात. किटीवेक जातीचे कुरव पक्षी शेकड्यांनी त्यावर तुटून पडतात. सील येतात, कधी पांढऱ्या बेलुगा देवमाशांची रांग कड्याच्या अगदी जवळून सरकते. जहाजाच्या कठड्यावरून जो पक्ष्यांचा कल्लोळ दिसतो तो एका पंपाभोवती जमलेला असतो, आणि हिमनदी समुद्रात टेकलेली आहे तोवरच हा पंप चालतो. ती मागे हटून जमिनीवर चढली की वितळलेले पाणी साध्या ओढ्यासारखे वरवर वाहत येते.

कड्याजवळ जाण्याचा मोह माणसालाही आवरत नाही. ऑगस्ट २००७ मध्ये दक्षिणेकडील होर्नब्रेन हिमनदीच्या फार जवळ गेलेल्या एका छोट्या प्रवासी जहाजापुढे बर्फाचा मोठा भाग कोसळला. डझनाहून अधिक प्रवासी जखमी झाले. त्याआधी, जून १९८९ मध्ये, ‘मक्सिम गोर्की’ हे सोव्हिएत प्रवासी जहाज स्वालबार्डच्या पश्चिमेला बर्फावर आदळून बुडू लागले होते. साडेनऊशेहून अधिक माणसे होती, काहींनी तर हिमखंडांवर आसरा घेतला. ‘सेन्या’ या नॉर्वेच्या तटरक्षक जहाजाने सगळ्यांना वाचवले. जुलै २०१८ मध्ये उत्तरेकडील बेटांवर किनारा-सहलीपूर्वी पाहणीस उतरलेल्या रक्षकावर अस्वलाने हल्ला केला आणि अस्वल मारले गेले. प्रवाशांना ते पाहण्यासाठीच नेले होते, ही त्यातली बोच कोणत्याही अहवालाने जात नाही.

नियम त्यामुळे घट्ट होत गेले. २०२२ पासून स्वालबार्डच्या प्रादेशिक समुद्रात जहाजांना जड इंधन तेल वापरण्यास मनाई आहे. १ जानेवारी २०२५ पासून संरक्षित क्षेत्रांत २०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजांना प्रवेश नाही. तेथे किनाऱ्यावर उतरायचे तर ठरवून दिलेल्या ४३ ठिकाणीच. अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि मार्च ते जून या काळात ५०० मीटर अंतर राखावे लागते. पर्यटन व्यावसायिकांनी यावर तक्रारीही केल्या. मला त्यांतील एकच विचारात घेण्याजोगी वाटते, ती अशी की मोजक्या जागी सगळे उतरले तर त्या जागा तुडवल्या जातील. टुंड्रावरील शेवाळाचा थर एकदा फाटला की सांधायला दशके घेतो. बुटांचा प्रश्नही किरकोळ नाही. लाँगइयरब्येनला उतरलेल्या २५९ प्रवाशांचे बूट संशोधकांनी तपासले, तेव्हा त्यांत हजारांहून अधिक बिया सापडल्या आणि त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश तेथल्या हवामानासारख्या परिस्थितीत रुजल्या. म्हणून जहाजावर बूट धुण्याचा आग्रह धरतात.

मात्र बूट धुऊन किंवा अंतर राखून जे थांबत नाही, ते कोंग्सफ्योर्डात चालू आहे. २००६ च्या हिवाळ्यापासून अटलांटिकचे उबदार पाणी आत येऊ लागले आणि पूर्वी दरसाल गोठणारा हा फ्योर्ड बहुतेक वर्षी मोकळाच राहू लागला. रिंग्ड सीलची मादी समुद्रबर्फावरील हिमात गुहा करून पिल्लू जपते. बर्फ नसेल तर पिल्लू उघड्यावर पडते. सीलच्या शिकारीसाठी बर्फ न उरलेली अस्वले उन्हाळ्यात फ्योर्डांतील बेटांवर चढून बार्नॅकल हंसांची व आयडर बदकांची अंडी फस्त करतात. हे पाणी नेमके केव्हा येते, किती उबदार असते, याची अखंड नोंद करणारी ‘इंडआर्क’ ही भारतीय वेधशाळा जुलै २०१४ मध्ये याच फ्योर्डात १९२ मीटर खोलीवर नांगरण्यात आली. भारतीय हिमनदीतज्ज्ञ जवळच्या वेस्ट्रे ब्रॉगरब्रेनवर वर्षाकाठी किती बर्फ साठतो आणि किती वितळतो, याचा हिशेब मांडत आले आहेत. तीच पद्धत त्यांच्या हिमालयातल्या कामाची आहे.

कोंग्सफ्योर्डच्या उत्तर बाजूला, न्यू-ऑलेसुंडच्या समोर, ब्लोमस्ट्रांडहाल्वोया आहे. ‘हाल्वोया’ म्हणजे द्वीपकल्प. १९११ च्या सुमारास अर्नेस्ट मॅन्सफिल्ड या इंग्रजाने तेथे संगमरवराची खाण काढली, गावाला ‘न्यू लंडन’ नाव दिले; पण शतकानुशतके गोठून-वितळून तडकलेला दगड जहाजात चढवता-चढवता तुकडे होऊन पडला. गंजलेली यंत्रे अजून तिथेच आहेत आणि ती पाहायला सहली जातात. या द्वीपकल्पाला मुख्य भूमीशी जोडणारी गोष्ट होती ब्लोमस्ट्रांडब्रेन हिमनदी. विसाव्या शतकाच्या अखेरीस ती मागे हटली आणि तिच्याखाली जमीन नसून समुद्र असल्याचे उघड झाले. आता रबरी बोटी त्या सामुद्रधुनीतून पलीकडे जातात. नकाशावरचे नाव अजूनही द्वीपकल्पाचेच आहे.