कोरेगावची पट्टी

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. त्याच नदीवर, थोडं वरच्या अंगाला, कोरेगाव. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन शिरूरच्या छावणीतून सुमारे ८०० माणसं घेऊन पुण्याकडे निघाला आणि दुसऱ्या दिवशी कोरेगावात पेशव्यांच्या फौजेशी लढला. लढाई सगळ्यांना माहीत असते. तिच्या पदकाची गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही.

हे पदक मंजूर झालं १८५१ मध्ये. म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी! नाव 'आर्मी ऑफ इंडिया मेडल'. चांदीचं, एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, वर रिबनला लढाईच्या नावाची पट्टी. नियमात मेख एकच: शिपाई हयात पाहिजे. आजच्या भाषेत हयातीचा दाखला.

आता हिशोब करा. लढाईतला विशीचा पोरगा १८५१ मध्ये पन्नाशी ओलांडलेला, नोकरी सोडून गावी गेलेला. दौंडला रेल्वे नाही, मुंबई-ठाणे गाडीसुद्धा १८५३ ची. त्याला कळणार कसं? खुद्द स्टॉन्टन १८२५ मध्येच वारला, म्हणजे साहेबसुद्धा नियमात बसला नाही.

लढाईत पडलेल्यांची नावं निदान जयस्तंभावर आहेत. पण जो धडधाकट परतला आणि १८५१ च्या आधी गेला, त्याचं नाव ना दगडावर, ना चांदीवर. त्याला कुणी नाही म्हटलं नव्हतं. फक्त उशीर केला, तेवढा पुरला.