सप्रेम भेट

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या मारुतीच्या देवळात जरा मान वर करून पाहा. पंख्याच्या पात्यावर रंगानं नाव घातलेलं असतं, गाव असतं आणि खाली ‘यांजकडून सप्रेम भेट’. पंखा फिरू लागला की अक्षरं विरतात, वीज गेली की पुन्हा दिसतात. पायरीची फरशी, घंटा, सप्त्यातली मोठी पातेली, कशावरही अशी नावं सापडतात. शिकलेली माणसं याला मिरवणं म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. या नावांचं कूळ फार जुनं आहे आणि त्यात आपलं भोकरदनही आहे.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथून सरळ रेषेत चारशे किलोमीटरवर सांची. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात तिथल्या मोठ्या स्तूपाभोवती दगडी कठडा उभा राहिला, तो लोकांच्या दानातून. कुणी खांब दिला, कुणी आडवी पट्टी, कुणी फरसबंदीचा दगड. भिक्षुणी, व्यापारी, घरच्या बायका, सगळ्यांनी दगडावर ब्राह्मीत नाव कोरून घेतलं, बरेचदा गावही, आणि शेवटी शब्द ‘दानं’. त्यात भोगवर्धनची माणसं आहेत. घरदार इथं, नाव मात्र कायमचं प्रदक्षिणेच्या वाटेवर!

त्याच स्तूपाच्या दक्षिण तोरणावर लिहिलंय की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. भोकरदनच्या उत्खननातही हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली, १९३८ साली इटलीत पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीच्या घडणीची. म्हणजे दान देणाऱ्या या गावाला कोरीवकामाची पारख होती.

जपानमध्ये शिंतो देवस्थानांभोवती ‘तामागाकी’ नावाचं कुंपण असतं. ते दगडी असलं की पुष्कळदा खांबाखांबावर देणगीदाराचं नाव कोरलेलं. क्योतोच्या फुशिमी इनारीला डोंगरवाटेवर हजारो शेंदरी कमानी आहेत. चढताना नुसता रंग दिसतो. उतरताना कमानींच्या मागच्या बाजूची काळी अक्षरं समोर येतात. देणाऱ्याचं नाव आणि तारीख. सांचीशी याचं नातं मी जोडत नाही, पण ती वाट मारुतीच्या देवळातल्या माणसाला परकी वाटणार नाही.

आणि या चालीचं केवढं ऋण आहे आपल्यावर! १८३७ साली कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप सांचीच्या लेखांचे ठसे जुळवत बसला होता. ब्राह्मी तोवर नीट वाचता येत नव्हती. बहुतेक ओळींच्या शेवटी तीच दोन अक्षरं येतात, हे त्याच्या ध्यानात आलं. ब्रह्मदेशातल्या बौद्ध मंदिरांत भाविक आपल्या भेटीवर नाव घालतात, हे त्याला ठाऊक होतं. तेव्हा हेही दानच असणार, असा त्यानं तर्क केला. ‘द’ लागला, ‘न’ लागला, मग बाकीची अक्षरं भराभर सुटली. अशोकाचे शिलालेख वाचता आले ते त्यानंतर.