भयगंड की द्वेष: ‘होमोफोबिया’ या शब्दाचे मूळ आणि मराठीतील वाट

मराठी मानसशास्त्रीय लेखनात ‘फोबिया’साठी ‘भयगंड’ ही संज्ञा रूढ आहे. एखाद्या वस्तूची किंवा स्थितीची प्रत्यक्ष धोक्याच्या प्रमाणाबाहेर वाटणारी आणि ती टाळायला लावणारी भीती, असा तिचा अर्थ होतो. उंचीच्या भयगंडाने पछाडलेला मनुष्य पायथ्याच्या वेल्ह्यातून वर तोरणा गडाकडे पाहील आणि गडाच्या बुधला माचीवर जाण्याचे टाळील, पण तो तोरण्याचा द्वेष करणार नाही, गडावर जाणाऱ्यांना शिव्याही देणार नाही; उलट आपली भीती अवाजवी आहे, हे बहुधा तोच आधी कबूल करील. ‘होमोफोबिया’ या शब्दावर अर्धशतकाहून अधिक काळ चाललेला वाद मुख्यतः याच फरकाभोवती फिरतो.

हा शब्द जॉर्ज वाइनबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास घडवला. समलिंगी व्यक्तींशी उपचारांच्या खोलीबाहेर, साध्या ओळखीपाळखीने भेटण्याची वेळ आली की आपले शिकलेसवरलेले सहव्यवसायी बिचकतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते आणि त्या बिचकण्याला नाव हवे होते. ग्रीक भाषेत ‘होमोस’ म्हणजे समान आणि ‘फोबोस’ म्हणजे भय, तेव्हा व्युत्पत्तीने पाहू जाता या शब्दाचा अर्थ ‘सारखेपणाचे भय’ असा निघतो, जो कोणालाच अभिप्रेत नाही. येथील ‘होमो’ हे ‘होमोसेक्शुअल’ या शब्दाचे लघुरूप आहे आणि तो शब्दही ग्रीक व लॅटिन यांची मोट बांधून कार्ल-मारिया केर्टबेनी यांनी घडवलेला, १८६९ मध्ये प्रथम छापला गेलेला आहे. व्याकरणाच्या कसोटीवर दोन्ही शब्द नापास ठरतात, पण शब्द काही व्याकरणाची परवानगी घेऊन रुळत नाहीत.

छापील स्वरूपात ‘होमोफोबिया’ २३ मे १९६९ रोजी ‘स्क्रू’ या अमेरिकन नियतकालिकात, जॅक निकोल्स आणि लाइज क्लार्क यांच्या सदरात आला, आणि तेथे त्याचा अर्थ आजच्यापेक्षा बराच अरुंद होता. समलिंगी नसलेल्या पुरुषाला ‘लोक आपल्याला तसला समजतील’ अशी जी धास्ती वाटते आणि जिच्यापायी तो कविता, कला, मित्राच्या खांद्यावर हात ठेवणे यांसारख्या ‘बायकी’ ठरवलेल्या गोष्टींपासून दूर राहतो, ती धास्ती त्यांना अभिप्रेत होती. वाइनबर्ग यांनी १९७२ च्या ‘सोसायटी अँड द हेल्दी होमोसेक्शुअल’ या पुस्तकात व्याख्या रुंदावली: समलिंगी माणसांच्या निकट सहवासाचे भय, आणि समलिंगी व्यक्तीच्याच बाबतीत स्वतःविषयीची घृणा. त्या वेळी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अधिकृत यादीत समलैंगिकताच विकार म्हणून नोंदलेली होती आणि ती डिसेंबर १९७३ मध्ये वगळण्यात आली. रोगी कोण हा प्रश्न एका शब्दाने उलटा फिरवला, आणि त्या शब्दाची खरी ताकद यातच होती.

त्याचा दुबळेपणाही तेथेच आहे. ग्रेगरी हेरेक यांच्यासारख्या अभ्यासकांनी असे दाखवले की या वृत्तीत भयापेक्षा राग आणि किळस यांचा भाग मोठा असतो, आणि ती बाळगणारा मनुष्य तिला अवाजवी न मानता योग्यच मानतो. शिवाय तिला आजार म्हटले की धर्म, कायदा आणि कुटुंबसंस्था यांची जबाबदारी व्यक्तीच्या मज्जासंस्थेवर ढकलली जाते. म्हणून हेरेक यांनी ‘लैंगिक पूर्वग्रह’ अशा अर्थाची संज्ञा सुचवली. २०१२ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने राजकीय व सामाजिक संदर्भात हा शब्द टाळण्याची सूचना आपल्या बातमीदारांना दिली, तेव्हा वाइनबर्ग यांनी तिला जाहीर विरोध केला.

भय की द्वेष, हा प्रश्न इंग्रजीला झाकून ठेवता आला, मराठीला तो तसा झाकता येत नाही. ‘समलैंगिकतेचा भयगंड’ म्हणावे तर वृत्ती आजार ठरते, ‘समलिंगीद्वेष’ म्हणावे तर ती अपराध ठरते, आणि ‘होमोफोबिया’ तसाच देवनागरीत लिहावा तर निवड पुढे ढकलली जाते. वृत्तपत्रे बहुधा हा तिसरा मार्ग पत्करतात.

मराठी मुलखात ही वृत्ती मात्र शब्दाच्या फार आधीची आहे आणि तिचा कायदेशीर इतिहास वेल्ह्याचा भाग सामावणाऱ्या जुन्या भोर संस्थानाच्या बाबतीत थोडा वेगळा आहे. पंतसचिवांच्या भोर संस्थानाचे विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, सुधागड आणि पवनमावळ असे पाच तालुके होते, आणि आजच्या वेल्ह्याचा, म्हणजे ज्याला आता राजगड तालुका हे नाव मिळाले आहे त्याचा, मोठा भाग त्यांतील राजगड व प्रचंडगड यांत मोडत असे. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाला शिक्षा सांगणारे कलम ३७७ ज्या भारतीय दंड संहितेत होते ती १८६० मध्ये संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली, पण ती ब्रिटिश मुलखासाठी केलेली होती. संस्थानांत न्यायाचा अधिकार संस्थानिकाच्या नावाने चाले, जरी अनेक संस्थानांनी इंग्रजी कायद्यांचाच कित्ता गिरवला होता. ८ मार्च १९४८ रोजी भोर मुंबई प्रांतात विलीन झाले आणि साहेब निघून गेल्यावर साहेबाचे कलम हिरडस मावळात व कानद खोऱ्यात थेट हक्काने आले.

या कलमात कोणत्याही माणसाला नाव नव्हते, केवळ कृतीला होते. मेकॉले यांनी या दंड संहितेच्या १८३७ च्या मसुद्यावरील टिपणात या विषयाची जाहीर चर्चाच नको असे म्हटले होते, आणि ती चर्चा पुढे शतकभर टळली. मराठीत ती उघडपणे ओढवून घेणाऱ्यांत र. धों. कर्वे अग्रणी होते. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचेही प्रश्न होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले, तरी कर्वे हरले व त्यांना दोनशे रुपये दंड झाला. हाच विषय मांडणारे विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक रंगभूमीवर आले ते १९८१ मध्ये, आणि याच विषयावर काम करण्यासाठी पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी ‘समपथिक’ ट्रस्ट स्थापन केला तो २००२ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे संबंध ३७७ मधून वगळले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच उरले नाही.

खेड्यापाड्यांतील बोलीत तुच्छता दाखवणारे शब्द मात्र आकर्षणाविषयी बोलतच नाहीत. ‘बायल्या’ किंवा शिवी म्हणून वापरलेला ‘हिजडा’ हे शब्द पुरुषाची चाल, आवाज, हातवारे यांच्यावर नेम धरतात. तो कोणावर प्रेम करतो याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. याच समाजाने बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांतील शालू-शेल्यांचे कौतुक केले आणि तमाशातील नाच्याची हेटाळणी केली. आनंद यादवांच्या ‘नटरंग’ या कादंबरीतील नायक समलिंगी नसूनही नाच्या होतो म्हणून भरडला जातो. मरीआईच्या पोतराजाने घागरा नेसला तर हात जोडले जातात, कारण तेथे वेश देवीच्या नावावर खपतो.

द्वेष हा शब्द येथे पुरता बसत नाही आणि भयगंडही बसत नाही, कारण जे भय आहे ते समलिंगी माणसाचे नसून भावकीचे आहे. एका घरातील मुलाविषयी कुजबूज सुरू झाली तर बहिणीची सोयरीक अडेल, जत्रेत चारचौघांत मान खाली घालावी लागेल, ही धास्ती आईबापांची असते, आणि ती बाळगणाऱ्या आईबापांचे त्या मुलावर प्रेम असू शकते. अभ्यासकांनी पुढे बाजूला सारलेला १९६९ चा अरुंद अर्थ, ‘लोक आपल्याला तसला समजतील’, मावळात एका पुरुषापुरता न राहता सबंध घराला लागू पडतो. आणि वाइनबर्ग यांच्या व्याख्येचा दुसरा भाग, स्वतःविषयीची घृणा, त्या घरात वाढणाऱ्या मुलाच्या वाट्याला येतो, ज्याने ‘होमोफोबिया’ हा शब्द कधी ऐकलेला नसतो आणि ‘बायल्या’ मात्र शाळेच्या पहिल्या वर्षापासून ऐकलेला असतो.