बोरघाटातला सांधा आणि संगणकाच्या कोठारातला स्विच

१/
मुंबईकडे निघालेली गाडी खंडाळा सोडून घाट उतरू लागली, की वाटेत मध्येच थांबते. फलाट नसतो, कोणी चढत-उतरत नाही. खिडकीशी बसलेल्याला वाटते, सिग्नल मिळाला नसेल. वस्तुतः त्या वेळी गाडीची परीक्षा चाललेली असते आणि परीक्षक असतो रुळांचा एक सांधा. या सांध्यापासून आजच्या डेटा सेंटरमधल्या स्विचपर्यंत जाणारा हा धागा. 🧵

२/
मावळचे पठार जिथे संपते तिथे सह्याद्री एकदम कोकणात कोसळतो. १८५६ मध्ये रेल्वे घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला पोहोचली. १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे हा माथ्यावरचा मार्गही सुरू झाला. मधला घाट मात्र प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून किंवा पायी ओलांडावा लागे. दोन रेल्वे होत्या; त्यांना जोडणारा मार्ग नव्हता.

३/
तो मार्ग जेम्स बर्कले या अभियंत्याच्या देखरेखीखाली १८५६ च्या जानेवारीत सुरू झाला आणि २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला. लांबी सुमारे पंधरा-सोळा मैल, चढ १,८३१ फूट, बोगदे २५, मोठे पूल ८. सर्वांत तीव्र उतार ३७ फुटांना १ फूट. रस्त्यावर हा उतार किरकोळ वाटेल. लोखंडी रुळांवर लोखंडी चाके असताना तो जीवघेणा ठरतो.

४/
या कामावर १८६१ मध्ये एका वेळी सुमारे ४२,००० मजूर राबत होते. मजुरी वेळेवर मिळेना म्हणून १८५९ च्या आरंभी दंगा झाला आणि पहिल्या कंत्राटदाराने, फॅव्हिएलने, काम सोडले. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच आजारी पडून वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्या नावावर घेऊन काम तडीस नेले. पटकीने आणि तापाने गेलेल्या मजुरांची नावे मात्र कुठल्याच कोनशिलेवर नाहीत.

५/
खंडाळ्याखाली एका अरुंद सोंडेवर रूळ वळवायला जागाच नव्हती. तोडगा निघाला तो ‘रिव्हर्सिंग स्टेशन’चा. गाडी सरळ सोंडेच्या टोकाशी जाई. तिथे इंजिन सुटे, बाजूच्या रुळावरून मागे येई आणि दुसऱ्या टोकाला जोडले जाई. मग गाडी उलट दिशेने, दुसऱ्या मार्गाने निघे. आलेल्या प्रत्येक गाडीसाठी सांधे पुन्हा पुन्हा बदलावे लागत.

६/
सांधा म्हणजे काय? दोन मार्ग जिथे फुटतात तिथे रुळाच्या निमुळत्या दोन जिभा असतात. दांडा ओढला की जिभा एका बाजूला चिकटतात आणि चाके त्या वाटेने जातात. रेल्वेच्या परिभाषेत या हलत्या भागाला आजही ‘स्विच’ म्हणतात. घरातल्या दिव्याच्या बटणाला हे नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून ते रुळांचे नाव होते.

७/
जानेवारी १८६९. घाट उतरणाऱ्या एका गाडीचे ब्रेक निकामी झाले. ती रिव्हर्सिंग स्टेशनवर थांबू शकली नाही. सोंडेच्या टोकाशी पुढे रूळ नव्हते. होती ती दरी. त्या अपघाताचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे. उतारावर सुटलेल्या गाडीला कोणतीही आज्ञा ऐकू येत नाही, हा त्याचा निष्ठुर अर्थ.

८/
अशा सुटलेल्या गाडीवरचा घाटरेल्वेचा उपाय म्हणजे ‘कॅच साइडिंग’. मुख्य मार्गाला एक फाटा फुटतो आणि तो डोंगराच्या अंगावर उलटा चढत जातो. बेफाम गाडी त्यात शिरली, की चढावर तिचा वेग आपोआप जिरतो. पण ती त्यात शिरणार कशी? ऐन वेळी धावत जाऊन सांधा कोण बदलणार?

९/
उत्तर असे, की सांधा ऐन वेळी बदलायचाच नाही. तो एरवी फाट्याकडेच लावलेला असतो! उतरणारी गाडी आधी थांबली पाहिजे. ती चालकाच्या ताब्यात आहे हे सिद्ध झाले, की मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळतो. थांबू न शकणारी गाडी कोणी काहीही न करता फाट्यात जाते. आरंभी सांगितलेली परीक्षा ती हीच.

१०/
मित्रहो, या धाग्याचे सार इथे आहे. आज्ञा दिल्यावर स्विच काय करतो, हे कोणीही सांगेल. आज्ञा न आल्यास तो काय करतो, हा खरा प्रश्न. बोरघाटाचे उत्तर स्पष्ट आहे: कोणी काहीच सांगितले नाही, तर वाट बंद.

११/
दुसरा धडा इंग्लंडमधला. बोरघाटाचे काम सुरू झाले त्याच १८५६ साली जॉन सॅक्सबी याने सांधे आणि सिग्नल एकत्र हलवणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. त्यातून पुढे ‘इंटरलॉकिंग’ विकसित झाले: सांधा योग्य जागी बसून पक्का झाल्याशिवाय सिग्नलचा दांडा हलतच नाही. चुकीची आज्ञा द्यायची म्हटली, तरी देता येत नाही.

१२/
मग स्विच रुळांवरून तारांवर गेला. १८८२ मध्ये मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. तिथे ऑपरेटर ऐकून हाताने तार जोडी. १८९१ मध्ये अमेरिकेत आल्मन स्ट्रोजर याने स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळवले. व्यवसायाने तो अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा! आता माणसाच्या कानाऐवजी यंत्रच आज्ञा घेऊ लागले.

१३/
डेटा सेंटरमध्ये एकीकडे शेकडो सर्व्हर असतात, दुसरीकडे डिस्कची कोठारे. मधल्या जाळ्यासाठी फायबर चॅनेल हे मानक १९९४ मध्ये मान्य झाले. १९९५ मध्ये असे स्विच बनवणारी ब्रोकेड ही कंपनी निघाली. तिच्या संस्थापकांत कुमार मालवल्ली हे भारतीय वंशाचे अभियंते होते. कोणता सर्व्हर कोणत्या डिस्कपर्यंत पोहोचेल, हे हे स्विच ठरवतात.

१४/
या स्विचचा केबिनमन म्हणजे काळ्या पडद्यासमोर बसलेला अभियंता. तो दांडा ओढत नाही, ओळी टंकतो. प्रत्येक यंत्राला १६ अंकाक्षरांचा जागतिक क्रमांक असतो. आधी त्याला सोपे नाव द्यायचे. मग ‘झोनक्रिएट’ने एक सर्व्हर आणि एक कोठार एका झोनमध्ये बांधायचे. असे झोन एका आराखड्यात गोळा करायचे. ‘सीएफजीसेव्ह’ने आराखडा जपून ठेवला जातो, पण अमलात येत नाही. अमलात येतो तो ‘सीएफजीइनेबल’ने, आणि तेव्हा स्विच उलट विचारतो: खरेच लागू करायचे?

१५/
ही नुसती औपचारिकता नव्हे. अंमल सुरू होताच जाळ्यातल्या सर्व स्विचना नवा आराखडा लागू होतो. त्यात एखादा जुना झोन गाळला गेला असेल, तर चालू सर्व्हरची डिस्क त्या क्षणी नाहीशी होते. उलट चूक झाली, तर एका सर्व्हरला दुसऱ्याची डिस्क दिसते. ती आपली समजून त्याने तिच्यावर लिहिले, की आधीचे गेले. बँकेची खाती असोत वा रुग्णालयाच्या नोंदी.

१६/
आणि आता तोच जुना प्रश्न. झोन आखलेच नसतील, किंवा आराखडा रद्द केला, तर? इथे कंपन्यांची उत्तरे भिन्न निघाली. सिस्कोच्या एमडीएस स्विचमध्ये मूळ स्थिती ‘बंद’: झोनमध्ये नसलेल्यांना एकमेकांशी बोलता येत नाही. ब्रोकेडच्या स्विचमध्ये ती दीर्घकाळ ‘सर्वांना सर्व खुले’ अशी होती. म्हणून जाणकार अभियंता तिथे आधी एक आज्ञा देतो: ‘डेफझोन, नोअ‍ॅक्सेस’. म्हणजे सांधा फाट्याकडे लावून ठेवा; वाट मागाहून उघडू.

१७/
१९२९ मध्ये नवा मार्ग झाला, रिव्हर्सिंग स्टेशन इतिहासजमा झाले, घाटात विजेची इंजिने आली. कॅच साइडिंग मात्र राहिल्या. इंजिने बदलली, उतार बदलला नाही.

१८/
पुढच्या वेळी घाट उतरताना गाडी मध्येच थांबली, तर घड्याळ पाहून चिडू नका, बाहेर पाहा. डोंगराकडे चढत जाणारा, गंजलेला, रिकामा फाटा दिसेल. त्याच्यावर गवत वाढलेले असले, तर उत्तमच. तो वापरावा लागत नाही, हेच त्याचे यश. आणि तरीही सांधा त्याच्याकडेच वळलेला असतो, हे शहाणपण. 🙏