ब्रिटिश घड्याळे व रेल्वेची वेळ

हातांनी घडविलेल्या ब्रिटिश यांत्रिक घड्याळांचा उत्कर्ष अठराव्या शतकात झाला. समुद्रावर रेखांश निश्चित करण्यासाठी बिनचूक कालमापक हवा होता व ती गरज त्यामागे होती. मूळचे सुतार असलेले जॉन हॅरिसन (१६९३–१७७६) यांचा चौथा कालमापक १७५९ मध्ये पूर्ण झाला. जमेकाच्या सफरीत (१७६१-६२) ८१ दिवसांत त्यात सु. ५ सेकंदांचीच चूक आढळली. टॉमस मज यांनी १७५५ च्या सुमारास चक्राची गती टप्प्याटप्प्याने सोडणारी तरफेची योजना शोधली. पुढे बहुतेक सर्व खिशातील व मनगटी यांत्रिक घड्याळे याच योजनेवर चालू लागली. मात्र तिचा खरा व्यापारी लाभ स्विस कारखान्यांना झाला. क्लार्कनवेल (लंडन), प्रेस्कट व कव्हेंट्री येथे एकेक कारागीर एकेकच भाग बनवी. ही पद्धत यंत्रनिर्मित स्विस व अमेरिकन मालापुढे टिकली नाही. विसाव्या शतकात जॉर्ज डॅनिएल्स (१९२६–२०११) यांनी जवळजवळ संपूर्ण घड्याळ एकहाती घडविण्याची रीत रूढ केली. त्यांनी १९७४ मध्ये शोधलेली समाक्ष योजना ओमेगा या स्विस कंपनीने १९९९ मध्ये बाजारात आणली. त्यांचे शिष्य रॉजर स्मिथ आइल ऑफ मॅन बेटावर हेच काम करतात.

भारतात घड्याळाचा प्रश्न अचूकतेपेक्षा अधिकाराचा ठरला. १८७० च्या सुमारास रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. मुंबई–भुसावळ मार्गावरील लासलगाव (जि. नाशिक) हे गाव सु. ७४° १४' पूर्व रेखांशावर आहे. रेखांशाच्या एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने तेथील स्थानिक वेळ मुंबईच्या पुढे सु. साडेपाच मिनिटे, तर मद्रासच्या मागे सु. २४ मिनिटे येते. सावली पाहून स्थानकाकडे निघणाऱ्यास बाराची गाडी निघून गेलेली दिसणे स्वाभाविक होते.

मुंबईत हा वाद उघड झाला. राजाबाई मनोरा (१८७८) प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला. त्यावरील घड्याळ लंडनच्या लंड अँड ब्लॉकली या पेढीचे होते. गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने १८८१ मध्ये मुंबईत मद्रासची वेळ लागू केली. तफावत अर्ध्या तासाची, तरी नागरिकांना ती परकी हुकमत वाटली. विद्यापीठाने मनोऱ्यावर मुंबईची वेळ ठेवण्याचे ठरविताच सरकारने घड्याळाच्या रात्रीच्या दिव्यांचा खर्च नाकारला. उत्तम बनावटीचे घड्याळ अंधारात राहिले, पण काटे हलले नाहीत. १८८३ मध्ये आदेश मागे घ्यावा लागला.

१ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. रेल्वेने ती स्वीकारली, त्यामुळे लासलगावचे स्थानक स्थानिक वेळेच्या सु. ३३ मिनिटे पुढे गेले. मुंबई महानगरपालिकेने मात्र स्वतःची वेळ १९५० पर्यंत चालू ठेवली.