पैलू आणि पाणी

पत्त्यांच्या कॅटमधल्या लाल, चार टोकांच्या आकाराला साहेबानं हिरा म्हटलं. आपण म्हटलं चौकट. दाराची असते तीच. यात कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही, कारण तो आकार पाहून हिरा आठवायचा तर हिरा आधी पाहिलेला असावा लागतो. तोच आकार दिवाळीत कातण्याखालून परातीत पडला की त्याचं शंकरपाळं होतं. फरशीची नक्षी असो, स्वेटरची वीण असो, 'शंकरपाळ्यासारखं डिझाईन' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं. हिऱ्याच्या आकाराचं, असं मराठी घरात कोणी म्हणत नाही.

आता या शंकरपाळ्याचा शंकराशी काडीचा संबंध नाही. फारसीतला शकरपारा, म्हणजे साखरेचा तुकडा, आपल्याकडे आला. 'शकर' अनोळखी होता, 'शंकर' घरचा होता. जिभेनं घरच्याला निवडलं. हे हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वरला कोणाला पटवून देणं मात्र कठीण आहे. गावाच्याच नावात ईश्वर, शेजारी औंढ्याला ज्योतिर्लिंग नागनाथ. तिथं शंकरपाळं शंकराचं नाही, हे सांगण्याची हिंमत व्युत्पत्तीवाल्यानं करू नये.

सिद्धेश्वरच्या जमिनीत हिरा मिळण्याची शक्यताही नाही. पूर्णेवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर, दोन्ही धरणं बसली आहेत ती दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर. त्या दगडाच्या पोकळीत गारगोटी मिळते, स्फटिक मिळतात, हिरा नाही. चमकणारा दगड म्हणजे गारगोटी, हीच इथली पहिली ओळख. पण हिऱ्याच्या भोवतीचे शब्द मात्र इथंही रोजच्या तोंडी आहेत. शाळेच्या मैदानात फलंदाजी आणि गोलंदाजी दोन्ही करणारा पोरगा अष्टपैलू ठरतो. हा शब्द तेवढा उलगडण्यासारखा आहे.

पैलू हा फारसी 'पहलू'. अर्थ बाजू, कूस. 'ह' गळला आणि 'पहलवान'चा जसा पैलवान झाला तसा 'पहलू'चा पैलू झाला. म्हणून दोघे भाऊ समजू नयेत. पहलवान आला पहलव, म्हणजे पार्थियन लोकांच्या नावावरून. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णीनं शक, यवन आणि पल्हव यांचा नाश केल्याचं कोरलंय, तेच हे पल्हव. पैलवानाच्या अंगात इराणी योद्धा आहे, पैलूमध्ये नाही.

पैलूमध्ये बरगडी आहे. फारसी पहलू आणि संस्कृत पार्श्व हे एकाच जुन्या मुळाचे फाटे; त्या मुळाचा अर्थ बरगडी, संस्कृतात पर्शु. बरगडीवरून कूस, कुशीवरून बाजू. पार्श्व संस्कृतातून प्राकृतात उतरत उतरत मराठीत आला तेव्हा त्याचा 'पाशी' झाला होता. माझ्यापाशी पैसे नाहीत, असं आपण म्हणतो तेव्हा मूळ अर्थानं माझ्या कुशीला पैसे नाहीत असंच म्हणत असतो. म्हणजे 'त्याच्यापाशी पैलूदार हिरा आहे' या वाक्यात एकच शब्द दोन वेळा येऊन बसलाय, एकदा प्राकृताच्या पायवाटेनं आणि एकदा फारसीच्या हमरस्त्यानं. दोघांची एकमेकांशी ओळखही उरलेली नाही.

यातली खरी गंमत पुढे आहे. जुन्या संस्कृत रत्नपरीक्षेच्या ग्रंथांत उत्तम हिऱ्याचं लक्षण दिलंय: सहा कोटी, आठ पार्श्वं, बारा धारा. सहा टोकं, आठ बाजू, बारा कडा. दोन पिरॅमिड बुडाला बूड लावून जोडले तर जो आकार होतो तो. हिरा खाणीतून निघतो तेव्हा पुष्कळदा असाच असतो, कोणी हात न लावता. तो समोरून बघितला तर चार टोकांचा, म्हणजे पुन्हा आपलं शंकरपाळंच. ग्रंथकारांना हा घडलेला आकार हवा होता, घडवलेला नव्हे. 'अष्टपार्श्व' हा तेव्हा निसर्गाचा गुण होता. 'पार्श्व' जाऊन 'पैलू' आला आणि त्याला 'पाडणे' हे क्रियापद चिकटलं, तेव्हा गुण कारागिराकडे गेला.

'पाडणे' हे क्रियापदही नीट ऐकावं. झाड पाडतात, भिंत पाडतात, तिथं काहीतरी नाहीसं होतं. पण टाकसाळीत नाणी पाडतात, रानात विहीर पाडतात, आणि हिऱ्याला पैलू पाडतात, तिथं काहीतरी नवं उभं राहतं. विहिरीत आणि हिऱ्यात साम्य एवढंच की दोन्हीकडे आधी काढून टाकावं लागतं. सुरतेचा कारागीर स्वतःला हिराघसू म्हणवतो, त्याच्या शब्दात घासण्याचे कष्ट आहेत. आपल्याकडे तो धंदा फारसा नव्हता. आपण निकाल तेवढा पाहिला. मग त्याच क्रियापदानं मुलांवर संस्कार करू लागलो: गुरुजींनी पोराला पैलू पाडले.

काढून टाकायला भारतातला जुना कारागीर फार नाखूश असे. सतराव्या शतकात इथल्या खाणी पाहून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याची नोंद करतो: वजन घटू नये म्हणून इथले लोक हिऱ्याचा मूळ आकार जपतात, डाग असेल तिथं तो झाकायला बारीक पैलू पाडतात. युरोपाला वजनापेक्षा झळाळी हवी होती. या दोन हट्टांची किंमत एका मराठी हिऱ्यानं मोजली. नागनाथासारखंच ज्योतिर्लिंग असलेल्या त्र्यंबकेश्वराचा म्हणून सांगितला जाणारा हिरा १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून कंपनीच्या हाती गेला. इंग्रजांनी त्याचं नाव ठेवलं 'नासक', नाशिकवरून. (मराठी कानाला हे नाव चांगल्या मालाचं वाटत नाही, पण ते त्यांना कोण सांगणार.) तेव्हा तो सुमारे ९० कॅरेटचा होता. लंडनमध्ये तासून ८० च्या आसपास आला, तिकोनी घाट तरी राहिला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टननं तो पुन्हा कापला, आणि उरला ४३.३८ कॅरेट. घाट एमराल्ड कट: लांबट चौकोन, कोपरे छाटलेले. पाचूचे कोपरे ठिसूळ म्हणून पाचूसाठी निघालेली ही रीत. निम्म्याहून जास्त अंग गमावलं आणि वर नाव मिळालं दुसऱ्याच रत्नाचं.

महाराष्ट्राची स्वतःची हिऱ्याची खाण होती, आणि तिचं नावही असंच झाकलं गेलंय. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरी तालुक्यात वैरागड आहे. तिथं किल्ला असल्यामुळे शेवटी 'गड' ऐकू येतो आणि सुरुवातीला 'वैर'. कोणाचं तरी कोणाशी हाडवैर असणार असं वाटतं. पण 'वज्र' म्हणजे हिरा, प्राकृतात 'वइर', तमिळमध्ये आजही 'वैरम्'. 'आकर' म्हणजे खाण, त्याचा मराठीत 'आगर'; मिठागर, आगरी यांतला तोच. वइर-आगर: हिऱ्यांची खाण. अकराव्या शतकातल्या कुलोत्तुंग चोळाच्या लेखांत 'वयिरागरम्'चा उल्लेख येतो, तो याच गावाचा असं अभ्यासक मानतात. आईन-ए-अकबरीतही वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद आहे. खाण संपली, मग 'आगर'चा अर्थ विसरला गेला, आणि किल्ल्यानं तो शब्द आपल्याकडे ओढून घेतला.

आजच्या पेढीवर घाटांची नावं फ्रान्स-इंग्लंडची आहेत. मार्कीज हा सरदारकीचा किताब, बगेट ही लांब काठी, कुशन, प्रिन्सेस, पेअर. नेहमीचा गोल तो ब्रिलियंट, ५७ पैलूंचा. त्याची मापं १९१९ मध्ये मार्सेल टोल्कोव्स्कीनं गणितानं मांडली. त्या हिशोबानं अष्टपैलू खेळाडू म्हणजे फारच कच्चा माल. ही नावं मराठीत मुरलेली नाहीत आणि मुरतील असंही वाटत नाही. गिऱ्हाईक बोटानं दाखवतं: हा गोल, तो थेंबासारखा, तो लांबट.

मुरलेला शब्द वेगळाच, पाणी. हिऱ्याचं पाणी, मोत्याचं पाणी. फारसीतही पाण्याला 'आब' आणि रत्नाच्या तेजालाही 'आब'. तोच 'आब' आपण राखून वागतो. चेहऱ्यावरचं पाणी ते 'आब-ए-रू', त्याची आबरू झाली. आकाराची नावं पेढीवरच राहिली, पाणी मात्र माणसांपर्यंत पोचलं. सिद्धेश्वरला तर पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. धरणात किती टक्के पाणी आहे हे तिथल्या शेतकऱ्याला सोन्याच्या भावाआधी ठाऊक असतं.

महाशिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत नाकातल्या चमक्यांची दुकानं लागतात. चमक्या पुठ्ठ्यावर ओळीनं टोचलेल्या असतात, आणि खड्याच्या नावानं आवाज दिला जातो 'अमेरिकन डायमंड'. हा खडा झिर्कोनियाचा. तो मोठ्या प्रमाणावर बनवायची रीत १९७० च्या दशकात बसवली मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकी संस्थेनं. संस्थेच्या आद्याक्षरांवरून रशियात त्याला 'फियानित' म्हणतात. अमेरिका आणि रशिया शीतयुद्धात समोरासमोर असताना आपल्या बाजारानं रशियाचा खडा परस्पर अमेरिकेच्या नावावर चढवला. विकणाऱ्याला ते माहीत नाही, घेणारीला त्याचं काही नाही. ती चमकी उन्हात धरून एवढंच विचारते, "पाणी टिकंल का ह्येचं?"